ठाणे महापालिका आयुक्तांना खुले पत्र : पहिली पाच मिनिटं गेटवरच्या वॉचमनच्या हातात आहेत

प्रति,
मा. आयुक्त,
ठाणे महानगरपालिका

महोदय,

सप्रेम नमस्कार.

संध्याकाळी सात वाजता माजिवड्याहून निघालेली अ‍ॅम्ब्युलन्स कासारवडवलीला कधी पोहोचेल, हे आज ठाण्यात कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मेट्रोचं काम, गुजरातकडे जाणारे कंटेनर, गायमुखची कोंडी, पावसाळ्यातले खड्डे यांबद्दल आपल्याकडे रोज पत्रं येत असतील. माझं पत्र रस्त्याबद्दल नाही. त्याच वेळी, त्याच रस्त्यालगतच्या एखाद्या इमारतीत अठराव्या मजल्यावर ज्याचं हृदय अचानक बंद पडतं, त्या माणसाबद्दल आहे. त्याच्याकडे फार तर दहा मिनिटं असतात. रस्ता उद्या पूर्ण मोकळा झाला, तरी ती दहा मिनिटं अ‍ॅम्ब्युलन्सच्या भरवशावर सोडता येणार नाहीत.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीतली बरीच वर्षं कॅज्युअल्टीत गेली. आता मी आणि माझ्या काही जुन्या सहकारी घोडबंदर पट्ट्यातल्या सोसायट्यांमध्ये जाऊन छाती दाबण्याचं, म्हणजे सीपीआरचं, शिक्षण देतो. त्या अनुभवातून हे लिहिते आहे.

आधी एक घोळ दूर करते, कारण तो शिकल्यासवरल्या लोकांमध्येही आहे. हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट एक नव्हेत. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणसाच्या छातीत कळ येते, घाम फुटतो, पण तो बोलतो, चालतो, त्याला गाडीत बसवून इस्पितळात नेता येतं. अरेस्टमध्ये हृदय पंप म्हणून काम करायचंच थांबतं. बहुतेकदा सुरुवातीला हृदयातली वीज बेताल होते आणि खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. रक्त पुढे सरकत नाही. काही सेकंदांत माणूस कोसळतो, हाक मारली तरी ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा मधूनच घरघर लागल्यासारखे आचके देतो. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, तसा तो अटॅकशिवायही होतो, तरुणांनाही होतो.

ती थरथर थांबवायला विजेचा झटका लागतो, दुसरा उपाय नाही. झटक्यानं सगळा गोंधळ क्षणभर थांबतो आणि हृदयाला स्वतःचा ठेका पुन्हा धरायची संधी मिळते. झटका मिळेपर्यंत छाती दाबत राहिलं तर मेंदूला थोडं तरी रक्त मिळत राहतं. दोन्हींपैकी काहीच झालं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. थरथरही कायम राहत नाही. हळूहळू हृदय पूर्ण निश्चल होतं आणि मग झटक्याचाही उपयोग उरत नाही. म्हणून झटका देणारं यंत्र इस्पितळात असून भागत नाही, ते माणूस पडतो तिथून जवळ असावं लागतं.

हे यंत्र आता शाळेच्या दप्तराएवढं असतं. १९६५ मध्ये बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज या डॉक्टरांनी पहिलं फिरतं डिफिब्रिलेटर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसवलं, तेव्हा त्याचं वजन ७० किलो होतं आणि ते मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं. आजचं एईडी, म्हणजे ऑटोमेटेड एक्स्टर्नल डिफिब्रिलेटर, एका हातात उचलता येतं. झाकण उघडलं की ते बोलायला लागतं. दोन चिकटपट्ट्या कुठे लावायच्या ते चित्रात दाखवतं, हृदयाची लय स्वतः तपासतं आणि गरज असेल तरच झटका द्यायला सांगतं. थरथर नसेल तर बटण दाबलं तरी झटका देत नाही. सोसायटीतल्या आजोबांना नुसती चक्कर आली असेल आणि कुणी घाबरून पट्ट्या लावल्या, तरी यंत्र त्यांना इजा करणार नाही. हे सांगितलं की वर्गातल्या निम्म्या लोकांची भीती तिथेच जाते.

आता मुद्द्यावर येते. हे यंत्र कुणाच्या हातात द्यायचं?

अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये हे काम सुरक्षारक्षकांवर सोपवलं होतं. त्यांना छाती दाबायला आणि एईडी वापरायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. लोकांच्या देखत कोसळलेल्या आणि हृदय थरथरत असलेल्या ज्या माणसांना तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला, त्यांच्यातले ७४ टक्के इस्पितळातून घरी गेले. तीन मिनिटांनंतर झटका मिळालेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होतं. इतके जीव वाचवणारे हे लोक डॉक्टर किंवा नर्स नव्हते. ते दारावर उभे राहणारे, चोवीस तास पाळीनं जागे असणारे, आपल्या इमारतीचा कानाकोपरा ठाऊक असणारे रक्षक होते.

महोदय, अशी माणसं ठाण्यात प्रत्येक गेटवर आहेत. घोडबंदर रोड, पोखरण रोड, वसंत विहार, कोलशेत, बाळकूम, कुठेही जा. रात्री तीन वाजता सगळी इमारत झोपलेली असते तेव्हा केबिनमध्ये वॉचमन जागा असतो. इंटरकॉम त्याच्याकडे वाजतो. कोणती लिफ्ट बंद आहे, कोणत्या विंगचा जिना कुठे निघतो, हे त्याला झोपेतही सांगता येईल. ज्यांना आपण केवळ गाड्यांचे नंबर लिहायला आणि पार्सल सांभाळायला बसवलं आहे, ते या शहरातले सर्वांत जवळचे जीवरक्षक होऊ शकतात. माझं सारं म्हणणं यावर उभं आहे.

आपल्याकडे घरं उंचावर आहेत, म्हणून वॉचमनचं महत्त्व आणखी वाढतं. कॅनडातल्या टोरोंटो आणि शेजारच्या पील भागातला एक अभ्यास २०१६ मध्ये आला. घरात हृदय बंद पडलेल्या हजारो माणसांचा मजल्यांनुसार हिशेब त्यात आहे. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी ४.२ टक्के वाचले, तिसऱ्या आणि त्यावरच्या मजल्यांवरचे २.६ टक्के. सोळाव्या मजल्याच्या वर २१६ जणांपैकी २ वाचले. पंचविसाव्याच्या वर ३० पैकी एकही नाही. अ‍ॅम्ब्युलन्स दारात येते, पण गेट उघडणं, विंग शोधणं, लिफ्टची वाट पाहणं यात उरलेला वेळ जातो. आमच्याकडे तीस-पस्तीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहताहेत. तिथे वॉचमननं यंत्र घेऊन वर धावणं, दुसऱ्यानं एक लिफ्ट खाली आणून अडवून ठेवणं आणि तिसऱ्यानं गेटवर उभं राहून अ‍ॅम्ब्युलन्सला थेट विंगपर्यंत आणणं, ही तिन्ही कामं ठरलेली असली पाहिजेत. ती सध्या कुणाचीच नसतात. सगळे जण पेशंटभोवती गर्दी करतात आणि लिफ्ट सातव्या मजल्यावर दूधवाल्यासाठी थांबते.

हृदय बंद पडण्याच्या घटनांपैकी बहुसंख्य, साधारण चारपैकी तीन, घरातच होतात. एईडी म्हटलं की आपल्याला विमानतळ आणि मॉल आठवतात. तिथे ती हवीतच. पण ज्या देशांनी हा विषय मनावर घेतला, त्यांतल्या काहींनी राहत्या इमारतींचाही विचार केला. सिंगापूरमध्ये सरकारी गृहसंकुलांच्या लिफ्टच्या लॉबीत, दर दोन इमारतींमागे एक यंत्र ठेवायचा कार्यक्रम २०१५ पासून राबवला गेला. जवळपास कुणाचं हृदय बंद पडलं तर आजूबाजूच्या स्वयंसेवकांच्या फोनवर सूचना जाते आणि जवळचं यंत्र कुठे आहे तेही दिसतं. दक्षिण कोरियात पाचशे किंवा त्याहून अधिक घरांच्या संकुलात एईडी ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. पाचशे घरांची संकुलं आपल्या हद्दीत किती आहेत, हे मालमत्ता कराच्या नोंदींवरून आपल्याला लगेच कळेल.

जपानची गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. २००२ मध्ये तिथल्या राजघराण्यातले प्रिन्स ताकामादो स्क्वॉश खेळताना कोसळले आणि गेले. वय ४७. तेव्हा जपानमध्ये सामान्य माणसाला हे यंत्र वापरायची मुभा नव्हती. जुलै २००४ मध्ये ती मिळाली आणि त्यानंतर देशानं झपाटा लावला. २००५ ते २००७ या काळात सार्वजनिक ठिकाणची यंत्रं ९,९०६ वरून ८८,२६५ वर गेली. तरीही २०११ मध्ये सैतामा शहरातल्या एका शाळेत सहावीतली मुलगी धावण्याच्या सरावात कोसळली आणि शाळेत यंत्र असूनही ते वापरलं गेलं नाही. तिचे आचके पाहून मोठ्यांना वाटलं की ती श्वास घेते आहे. तिच्या मृत्यूनंतर त्या शहरानं शिक्षकांसाठी शिकवण्याची पद्धतच बदलली : खात्री वाटत नसेल, तर अरेस्ट समजा आणि सुरुवात करा.

हे वाचताना मला आपली घरं दिसतात. माणूस पडला की आपण काय करतो? तोंडावर पाणी मारतो, तळपाय चोळतो, कांदा हुंगवतो. सुरुवातीला हातपाय थोडे झटकले तर मिरगी समजून हातात किल्ल्या देतो. मग चौघे उचलून लिफ्टनं खाली आणतात, रिक्षात किंवा गाडीत आडवं घालतात आणि निघतात. या सगळ्या वेळात छातीवर एकही हात पडलेला नसतो. अशी माणसं कॅज्युअल्टीच्या दारात आलेली मी पाहिली आहेत. आणणाऱ्यांनी जीव तोडून धावाधाव केलेली असते. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

शिकवायला वेळ फार लागत नाही. आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या पुढाकारानं सामान्य माणसासाठी केवळ छाती दाबण्याची पद्धत ठरवलेली आहे, तोंडाला तोंड लावून श्वास द्यायची सक्ती तिच्यात नाही. ओळखा, १०८ ला कळवा, छातीच्या मधोमध जोरात आणि मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं दाबा, थांबू नका. तासाभरात वॉचमन, मोलकरणी, नववी-दहावीतली मुलं हे व्यवस्थित करतात. आणि यंत्र शिकलेल्यानंच हाताळलं पाहिजे असंही नाही. शिकागोच्या विमानतळांवर भिंतींवर यंत्रं लावल्यावर पहिल्या दोन वर्षांत ज्या ११ जणांचं हृदय पुन्हा सुरू करता आलं, त्यांच्यापैकी ६ जणांसाठी धावलेल्यांनी एईडी कधी हाताळलं नव्हतं (त्यांतले तिघे वैद्यकीय पदवीधर होते, हेही सांगायला हवं).

आता कुलपाबद्दल, म्हणजे यंत्र असूनही ते वेळेला हाती न लागण्याबद्दल. डेन्मार्कनं एईडीची देशभरची नोंदवही २००७ मध्ये सुरू केली आणि पुढे ती आपत्कालीन फोन घेणाऱ्या केंद्रांना जोडली. शाळेत आणि वाहन परवान्यासाठी सीपीआर सक्तीचा केला. २००१ मध्ये तिथे पाचपैकी एका रुग्णाला आसपासच्या माणसांकडून सीपीआर मिळत होता, २०१० पर्यंत हे प्रमाण जवळपास ४५ टक्क्यांवर गेलं. तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्के झालं. पण याच देशाच्या राजधानीतला एक हिशेब डोळे उघडणारा आहे. कोपनहेगनमध्ये सार्वजनिक ठिकाणी झालेल्या अरेस्टपैकी ६१.८ टक्के संध्याकाळी, रात्री किंवा शनिवार-रविवारी झाले होते. नेमकं त्याच वेळी कार्यालयं, शाळा, क्रीडासंकुलं बंद असल्यानं यंत्रांची पोहोच निम्म्याहून अधिक घटत होती. चोवीस तास हाती लागतील अशी यंत्रं जेमतेम ९.१ टक्के होती.

आमच्या शहरातल्या एका मोठ्या ठिकाणी मी तिथल्या कामावरच्या मुलाला यंत्र आहे का विचारलं. "आहे ना मॅडम, साहेबांच्या केबिनमध्ये." साहेब सुट्टीवर होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती. त्या मुलाला मी दोष देत नाही, महागडी वस्तू चोरीला जाईल ही भीती खरी आहे. पण कुलपातलं यंत्र नसल्यातच जमा आहे. वॉचमनच्या केबिनला मी चिकटून आहे ती यासाठीच. तिथे नेहमी कुणीतरी असतं, कॅमेरा असतो, वीज असते आणि कुलूप नसतं.

खर्चाचं सांगते, कारण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न तोच येतो. चांगलं यंत्र साधारण लाख ते दीड लाखाच्या घरात मिळतं. चारशे घरांच्या सोसायटीत घरटी अडीचशे ते पावणेचारशे रुपये, तेही एकदाच. पुढे पट्ट्या मुदतीनंतर बदलायच्या आणि काही वर्षांनी बॅटरी. खरेदी करताना वॉचमनला समजेल त्या भाषेत बोलणारं यंत्र मागायचं. उत्तर प्रदेशातून, नेपाळमधून, मराठवाड्यातून आलेल्या माणसाच्या हातात इंग्रजीत सूचना देणारं यंत्र देणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि पडलेल्या माणसावरही. एजन्सी बदलली की शिकलेले वॉचमन निघून जातात, म्हणून नव्या करारात प्रशिक्षणाची अट हवी.

देखरेखीसाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे सोसायट्या दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी घेऊन अग्निशमन दलाला देतात. पंप चालतो, सिलिंडर भरलेले आहेत, हे त्यात लिहिलेलं असतं. त्याच वेळी सोसायटीनं एईडीची माहितीही एका वेगळ्या पानावर द्यावी : यंत्र कुठे आहे, पट्ट्यांची मुदत कधी संपते, कोणत्या पाळीत कोण शिकलेलं आहे. सुरुवातीला ऐच्छिक ठेवा. पाचशे घरांहून मोठ्या नव्या संकुलांना मात्र भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी हे मागता येईल का, याचा आपल्या विधी विभागानं विचार करावा. ही सगळी पानं एकत्र केली की शहराची नोंदवही आपोआप तयार होते. ती १०८ च्या नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचली पाहिजे. फोन घेणाऱ्यानं घाबरलेल्या मुलीला "छाती दाबायला लागा, यंत्र तुमच्याच गेटवर आहे, वॉचमनला बोलवा" असं सांगितलं, तर त्या एका वाक्यानं किती मिनिटं वाचतील!

जिथे वॉचमन नाही, तिथे काय? किसननगर, लोकमान्यनगर, कळवा, मुंब्रा, दिवा. तिथल्या चाळींना आणि दाट वस्त्यांना लाखभराचं यंत्र परवडणार नाही, आणि हृदय तिथेही बंद पडतं. तिथली यंत्रं महापालिकेनं घ्यावीत. दवाखान्यात ठेवू नका, ते रात्री बंद असतात. जिथे रात्रभर दिवा जळतो तिथे ठेवा : पोलीस चौकी, अग्निशमन केंद्र, पेट्रोल पंप, रात्री चालणारा रिक्षा स्टँड. रिक्षावाल्यांना शिकवा, गल्ल्या त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक नाहीत. तलावपाळी, उपवन, गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह आणि पाडव्याची शोभायात्रा, दहीहंडी, वर्षा मॅरेथॉन यांसाठी तर हवीतच. २०२१ मध्ये कोपनहेगनच्या मैदानात फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन कोसळला आणि तिथल्या तिथे मिळालेल्या सीपीआरनं व झटक्यानं वाचला, हे आपल्या मुलांनी टीव्हीवर पाहिलं आहे. यंत्र मैदानावर का लागतं हे त्यांना समजावावं लागत नाही.

दोन अडचणी राहतात, दोन्ही मनातल्या. पहिली पोलिसांची. "मदत केली आणि माणूस गेला तर?" हे मला प्रत्येक वर्गात विचारतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, पण ते रस्ते अपघातापुरतं आहे. घरात किंवा फलाटावर कोसळलेल्याला मदत करणाऱ्यासाठी इतका स्पष्ट शब्द नाही. समोरच्याच्या भल्यासाठी, संमती मिळण्यासारखी परिस्थिती नसताना सद्भावनेनं केलेल्या कृतीला आधीच्या दंड संहितेत कलम ९२ होतं आणि ते आताच्या न्याय संहितेतही आहे, एवढा आधार मी लोकांना सांगते. अमेरिकेनं २००० मध्ये एईडी वापरणाऱ्यांसाठी वेगळा कायदा केला, फ्रान्सनं २००७ मध्ये कुणालाही ते वापरायची मुभा दिली, इटलीनं २०२१ च्या कायद्यात न शिकलेल्या माणसालाही अभय दिलं. राज्याचा कायदा आपल्या हातात नाही. पण आपण आणि पोलीस आयुक्तांनी मिळून "मदत करणाऱ्याला त्रास होणार नाही" असं एक पत्रक काढलं आणि ते यंत्राशेजारी लागलं, तर वॉचमनचा हात धजेल.

दुसरी अडचण बाईच्या छातीला हात लावायची. हे मी स्पष्टच लिहिते, कारण कुणी लिहीत नाही. अमेरिकेतही सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून सीपीआर मिळाला, बायकांना ३९ टक्के. आपल्याकडे वॉचमन पुरुष, घरातली सून किंवा सासू जमिनीवर पडलेली, भोवती माणसं. तो कचरणारच. म्हणून प्रत्येक इमारतीतल्या दोन-चार बायका शिकलेल्या असाव्यात, पण त्यांची वाट पाहत थांबायचं नाही. पट्ट्या उघड्या त्वचेवरच लावाव्या लागतात : एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेच्या खाली बाजूला. ब्लाउज कात्रीनं कापायचा, घाम असेल तर पुसायचा, मंगळसूत्र पट्टीखाली येऊ द्यायचं नाही, बाजूला सारायचं, काढत बसायचं नाही. वरून ओढणी टाकली तरी चालते. माझ्या वर्गात हे मी पुरुषांसमोर बोलते आणि घरच्या माणसांना विचारते, "उद्या तुमच्या आईसाठी वॉचमनला परवानगी आहे ना?" सगळे हो म्हणतात. ते "हो" त्याच्या कानावर आधीच पडलेलं असलं की तो थांबत नाही.

आपल्याकडे मागणं मोठं नाही. घोडबंदर पट्ट्यातल्या एका प्रभाग समितीपासून सुरुवात करावी. त्या भागातल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींची, सुरक्षा एजन्सींची आणि १०८ च्या लोकांची एक बैठक आपण बोलवावी, अग्निशमन अधिकाऱ्यांना तिचं काम द्यावं आणि येत्या फॉर्म बीच्या वेळी पहिली पानं गोळा करावीत. वॉचमनच्या पाळ्या सकाळी आणि रात्री आठला बदलतात. त्या वेळी गेटवर येऊन शिकवायची आमची तयारी आहे. छाती दाबून शिकायचे पुतळे आमच्याकडे आहेत, सरावाचं एक यंत्र महापालिकेनं द्यावं.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)